आतड्यातली भाऊबंदकी

१९२५ साली बेल्जियमच्या आंद्रे ग्रासिया यांना दिसलं की ई. कोलाय जिवाणूचा एक वाण ई. कोलायच्याच दुसऱ्या वाणाला वाढू देत नाही. एकाच कुळातले, आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले! यामागच्या मारक प्रथिनांना पुढे ‘कोलिसिन’ हे नाव मिळालं.

त्यातलं ई-३ हे कोलिसिन जवळून पाहण्याजोगं आहे. ब-१२ जीवनसत्त्व आत घेण्यासाठी शेजारच्या पेशीच्या आवरणावर जे प्रथिन असतं, नेमकं त्यालाच ते चिकटतं. पोषणाच्या वाटेनेच विष घरात शिरतं. आत गेल्यावर ते रायबोसोममधल्या आरएनएला एकाच जागी कापतं आणि तेवढ्याने पेशीचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना ठप्प होतो. विष बनवणारी पेशी त्याला घट्ट मिठी मारून निकामी करणारा उताराही सोबतच बनवते. मात्र विष बाहेर सोडताना ती स्वतः फुटून मरते. फायदा होतो तो तोच उतारा बाळगणाऱ्या तिच्या बहिणींना. एवढ्याशा जिवाचा हा त्याग थक्क करणारा आहे.

कॉलऱ्याचा जिवाणू मात्र असा वार करताना स्वतः मरत नाही. तो विषारी प्रथिनं लावलेला भालाच शेजाऱ्यात खुपसतो. ही यंत्रणा २००६ मध्ये उजेडात आली. असाच भाला बाळगणारा स्यूडोमोनास हा जिवाणू तर ज्या बाजूने वार झाला, त्याच बाजूला उलट वार करतो.

प्रतिजैविकांना दाद न देणारे रोगजंतू वाढत असताना औषधशास्त्राने या भांडणांकडे अधिक गांभीर्याने पाहायलाच हवं. खाद्यउद्योगाने ते केव्हाच केलंय: दुधातल्या लॅक्टोकॉकस जिवाणूचं नायसिन हे असंच मारक प्रथिन चीज टिकवण्यासाठी कित्येक दशकं वापरात आहे.