बायकांना असतंच, म्हणे

हिमोग्लोबिन आठ. सहा महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, तरी साडेआठच्या वर जात नाही. अशा बाईला आपल्याकडे काय काय ऐकवलं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. पाळीत जास्त जात असेल. शाकाहारी आहात, त्यातून कांदा-बटाटाही नाही, मग रक्त येणार कुठून? उपवास फार करता बाई तुम्ही. (हे म्हणणाऱ्या डॉक्टरांना आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी वाटते, ते वेगळंच.) आणि सगळ्यांवर पांघरूण घालायला शेवटचं वाक्य असतंच, की अहो, बायकांना एवढं असतंच. माझं भांडण या वाक्याशी आहे.

वरची कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेक बायकांचं रक्त त्यांनीच कमी झालेलं असतं आणि गोळ्यांनी भरूनही येतं. प्रश्न ज्यांचं भरून येत नाही त्यांचा आहे. घागर भरत नाही असं दिसलं की आपण नुसतं पाणी ओतत बसत नाही, उचलून खालून बघतो. बाईच्या बाबतीत मात्र गोळीची कंपनी बदलतात, मग टॉनिक, मग सुई, आणि खालून कुणी बघत नाही.

बघितलं तर काही जणींच्या बाबतीत जे सापडतं त्याचं नाव सिलिअक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. पोळीची कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्यामुळे. काही माणसांच्या शरीराला ते शत्रू वाटतं, आणि शत्रूशी लढताना शरीर स्वतःच्याच लहान आतड्याची नासधूस करतं. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व ते शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. लोह शोषलं जातं ते याच आतड्याच्या वरच्या भागात, आणि मार पडतो तोही तिथेच. म्हणून गोळी पोटात जाते आणि रक्तात पोचत नाही. ही ॲलर्जी नव्हे, की पित्त उठलं आणि उतरलं. हा जन्माचा सोबती आहे, त्याला औषध नाही. गहू, जव, राय पूर्ण बंद, एवढाच उपचार.

याची अडचण अशी की तो नेहमी पोटातूनच बोलतो असं नाही. जुलाब, पोट फुगणं, वजन उतरणं ही ओळखीची लक्षणं. पण एखादीला उलट बद्धकोष्ठ असतो. एखादी चांगली अंगाने भरलेली असते, तिच्याबद्दल तर शंकाही येत नाही. कुणाचं सारखं तोंड येतं, कुणाची हाडं चाळिशीतच ठिसूळ होतात, कुणाच्या कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड उठतात. मुलीची पाळी उशिरा येते, मुलाची उंची खुंटते. कुणाला दिवस राहत नाहीत, कुणाचे टिकत नाहीत. आता या प्रत्येक तक्रारीसाठी आपल्याकडे वेगळा डॉक्टर आहे, वेगळा नवस आहे आणि टोमणाही वेगळा आहे. सगळ्या एका दोऱ्यात ओवून बघायचं काम कुणाचंच नाही.

माझ्या एका चुलत जावेची सून चिकोडीकडची. माझंही माहेर त्याच बाजूचं, त्यामुळे तिच्या घरचं ताट मला माहीत आहे. जोंधळ्याची भाकरी, भात, आमटी. चपाती व्हायची, पण रोज नाही. गव्हाची हुग्गी सणाला नाहीतर लग्नात. तिथून ती आली इंदूरला, म्हणजे गव्हाच्या कोठारात. सकाळी पोळी, संध्याकाळी दिवस मावळायच्या आत पुन्हा पोळी, रविवारी दाल-बाफले, पाहुणे आले की शिरा. वर्षाच्या आत पोरीचं पोट बिघडलं ते बिघडलंच. वजन उतरलं, केस गेले, पोछा मारताना धाप लागायला लागली. महिनाभर माहेरी गेली की तरतरीत व्हायची आणि परत आली की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. यावरून घरच्यांनी काय निष्कर्ष काढला असेल? सासर मानवत नाही. कामाचा कंटाळा. मनाचे खेळ. मनाच्या डॉक्टरकडे नेण्याचीही चर्चा झाली. माहेरी पोरगी सुधारते ही एवढी मोठी खूण समोर होती, पण ती वापरली गेली तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून! माहेरी आणि सासरी काय काय वेगळं आहे असा प्रश्न विचारला असता तर उत्तर परातीतच होतं. दशलक्षणातही तेच. उपवासाच्या दिवसांत तिचं पोट शांत असायचं, तर म्हणे बघा, तपाचा प्रभाव. तपाचा प्रभाव मी नाकारत नाही, पण त्या दिवसांत तिच्या पोटात गहू जात नव्हता हेही कुणीतरी मोजायला हवं होतं. चार वर्षांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं, तेव्हा उलगडा झाला.

हा आपल्या बाजूचा आजार नव्हेच, असंही मला सांगितलं गेलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. हरियाणा, आसाम आणि तमिळनाडू इथल्या तेवीस हजारांवर प्रौढ माणसांची त्यात तपासणी झाली. उत्तरेत हजारी साधारण साडेआठ जणांना सिलिअक निघाला, दक्षिणेत दहा हजारांत एखाद्यालाच. आणि गंमत पुढेच आहे. हा आजार होण्यासाठी जी जनुकं लागतात ती दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात सापडली, तीन माणसांमागे एकापेक्षा थोडी जास्त. फरक होता गव्हाचा. उत्तरेत माणशी दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, दक्षिणेत पंचवीस. म्हणजे दिव्यात तेल सगळीकडेच आहे, काडी लागते ती गव्हाची. ज्यांच्याकडे ती जनुकं असतात त्यांतल्या फार थोड्यांनाच आजार होतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण भाकरीच्या मुलखातून पोळीच्या मुलखात मुली देणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने तरी 'आपल्यात नसतं हे' असं म्हणू नये. आणि आता निपाणी-बेळगावकडेही रोज चपातीच झाली आहे की! भाकरी थापायला वेळ कुणाला आहे?

तपासणी अवघड नाही. रक्तातली टीटीजी आयजीए नावाची तपासणी, उपाशीपोटी जावं लागत नाही. काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं, त्यांचा अहवाल खोटाच चांगला येतो, म्हणून एकूण आयजीएही मोजून घ्या म्हणावं. रक्तात दोष निघाला तर तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे काढतात आणि तपासतात. दुर्बिणीला बायका घाबरतात. बाळंतपणं काढलेल्या बायकांनी दुर्बिणीला काय घाबरायचं!

पण यात एक अट आहे, आणि माझा दुसरा राग तिच्यापाशी आहे. तपासणी होईपर्यंत गहू खात राहायला हवं. आतड्याचा तुकडा काढेपर्यंत. गहू सोडला की रक्तातली खूण हळूहळू पुसते, आतडं भरून येऊ लागतं, आणि मग तपासणी सांगते, काही नाही तुम्हाला. हल्ली भिशीत चार जणी जमल्या की त्यांतल्या दोघींनी गहू सोडलेला असतो. कुणी मोबाइलवर पाहिलं, कुणाच्या भाचीने अमेरिकेहून सांगितलं. वजनासाठी, गुडघ्यांसाठी, चेहऱ्यावरच्या तेजासाठी. ज्यांना काही नाही त्यांनी खुशाल सोडावा, ज्वारी-नाचणी खाऊन कुणाचं वाईट झालेलं नाही. पण खरोखर त्रास होणारी एखादी यांचं ऐकते आणि तपासणीआधीच गहू सोडते. तिला बरं वाटतं. मग सहा महिन्यांनी नणंदेच्या घरी वास्तुशांतीला, एवढ्याने काय होतंय म्हणून, दोन लाडू खाते. कारण तिच्याकडे कागद नाही, नुसता 'मला मानवत नाही' हा शब्द आहे, आणि बाईच्या 'मानवत नाही'ला आपल्याकडे किंमत किती, ते वर आलंच. पुढे नक्की काय ते कळून घ्यायचं म्हटलं तर तिला पुन्हा सहा-आठ आठवडे रोज गहू खाऊन आजारी पडावं लागतं. म्हणून 'गहू सोडून बघ' हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी अर्धवट आहे. आधी रक्त द्या, मग काय सोडायचं ते सोडा.

डच डॉक्टर डिके यांनी या आजारामागे गहू आहे हे पहिल्यांदा नीट सिद्ध केलं, १९५० च्या त्यांच्या प्रबंधात. त्याआधी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला होता, आणि सगळा देश उपाशी असताना ही मुलं मात्र सुधारत होती. पण त्यांना पहिली शंका आली ती म्हणे एका आईच्या बोलण्यावरून. पाव बंद केला की पोर बरं असतं, असं तिने सांगितलं, आणि डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. तिच्या जागी आपल्यापैकी कुणी असती तर तिला काय सांगितलं गेलं असतं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराबद्दल. आपण दळलेल्या पिठाची मर्यादा पाळणारे लोक. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. पाणी गाळतो, धान्य दाणा दाणा शोधतो, सोवळ्याची भांडी वेगळी ठेवतो. शहरातल्या हॉटेलाला जी शिस्त जमणार नाही ती आपल्या आज्यांच्या हातात होती. मग एका सुनेसाठी वेगळं पोळपाट, वेगळा तवा, वेगळी चाळणी मागितली की 'हे काय नवीन सोंग' का होतं? ज्वारी गव्हाच्याच गिरणीत दळली तर दगडातलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं, आणि एवढंही त्या आतड्याला पुरतं. बाजारच्या डब्यावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे किलोत वीस मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, यावरून अंदाज करा. शिवाय त्या डब्यातल्या बिस्किटांत बरेचदा बटाट्याचं पीठ असतं, म्हणजे आपल्याला तीही बंद. म्हणजे घरचंच पीठ, घरचीच चक्की. आणि हिंग! कांदा-लसूण नाही म्हणून आपण आमटीत, भाजीत, ताकात हिंग घालतो, आणि डबीतल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. डबी उलटून वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. माझी ती सून पोळी सोडल्यावरही दोन महिने पूर्ण बरी झाली नव्हती, ती या हिंगामुळे.

आता ती बरी आहे. गोळ्या लागू पडल्या, रक्त अकरावर गेलं. सिलिअक निघाला की आई-वडील, भावंडं, मुलं यांचंही रक्त तपासायचं असतं, कारण घरात तो दुसऱ्या कुणाला असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहूनही दिलं. तिच्या धाकट्या बहिणीला पाळी उशिरा आली होती आणि वजन बेचाळीसच्या वर जात नाही. तिची तपासणी अजून झालेली नाही. स्थळं बघतायत, एवढ्यात नको तो कागद, असं तिची आई म्हणते. मी फोन केला तर म्हणाली, 'अक्का, लग्न उरकू दे, मग तिच्या सासरचे काय ते बघतील.' आलेलं स्थळ उज्जैनचं आहे.