खुर्दबिनीला कुठली भाषा लागते?

दर जूनमध्ये आमच्या कांदिवलीत कुणीतरी पालक दाखला मागायला येतोच. "सर, पोराला सायन्सला घालायचंय. उर्दू-मराठीत सायन्स होत नाही." मी पडलो भाषेचा शिक्षक. त्यांना वाटतं, मास्तर पोटासाठी भांडतोय. म्हणून आज भाषेचं राहू द्या, सूक्ष्मदर्शकाचाच इतिहास बघू.

लेव्हेनहुक हा हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडवाला. विद्यापीठाची पायरी चढला नव्हता. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन, ती त्याला येत नव्हती. स्वतः घासलेल्या भिंगातून त्याने पाण्यातले जीव पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, आपल्या डचमध्ये. सोसायटीने 'आधी लॅटिन शिका' म्हटलं नाही, पत्राचं भाषांतर करून छापलं. १६७७ मध्ये रॉबर्ट हुकने ते जीव पाहून खात्री केली आणि १६८० साली हा कापडवाला सोसायटीचा फेलो झाला.

"ते तिकडचं झालं, सर." बरं, इकडचं ऐका. आपल्याच भायखळ्यात, ग्रँट मेडिकल कॉलेजात, १८६१ साली मराठी-गुजरातीतून वैद्यक शिकवणारा वर्ग सुरू झाला. १९१८ साली निजामाच्या हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे पुढे डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. होत नाही म्हणता, ते होऊन गेलंय!

वर्गात 'मायक्रोस्कोप' सांगितलं की मुलं स्पेलिंग घोकतात. उर्दूतला 'खुर्दबीन' शब्द फोडून सांगितला, खुर्द म्हणजे लहान, बीन म्हणजे पाहणारी, की एखादा ओरडतो, "सर, आमच्या गावाच्या नावात खुर्द आहे!" सूक्ष्मदर्शकाचा अर्थ मग वेगळा सांगावा लागत नाही. समजणं म्हणतात ते हेच.

इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा, पुढे ती लागतेच. पण तिला विज्ञानाच्या दारावरचा रखवालदार करू नका. आणि आमच्या शाळावाल्यांनाही सांगतो: 'फुटेल' म्हणून सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद ठेवायचा आणि सभेत मातृभाषेचे गोडवे गायचे, हे ढोंग आहे. अशाने पालक जातील नाहीतर काय?

दाखला मागण्याआधी नव्या शाळेत एवढंच विचारा: माझ्या मुलाच्या डोळ्याला भिंग लागणार का? उत्तर 'नाही' असेल, तर माध्यम बदलून तुम्ही फक्त कपाट बदललंत.