पट्टीवरची पाच चित्रं

परवा भाच्याला घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा फोटो दाखवत होतो. स्क्रीनच्या तळाशी, स्टार्ट बटणाशेजारी बारीक चित्रांची एक ओळ दिसत होती. "मामा, एवढे प्रोग्रॅम कशाला लागायचे? आता सगळं एकाच अ‍ॅपमध्ये होतं की!" असं म्हणून वर हसला. तेव्हा गप्प बसलो. इथे मात्र भांडणार आहे.

ती क्विक लॉन्चची पट्टी. १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आली आणि विंडोज ९८ मुळे घरोघरी पोचली. त्याआधी विंडोज ३.१ मध्ये तर नेटला जोडायची सोयच नव्हती. ट्रम्पेट विनसॉकसारखा प्रोग्रॅम वेगळा आणून बसवावा लागे आणि मग एकेक प्रोग्रॅम शोधून उघडायचा. त्यामानाने ही पट्टी म्हणजे चैन होती. आमच्या पट्टीवर पाच चित्रं होती: डायल-अप, नेटस्केप, पत्रांसाठी युडोरा, गप्पांसाठी एमआयआरसी आणि फायलींसाठी डब्ल्यूएस-एफटीपी. मोडेमचं किंचाळणं थांबलं की हवं ते चित्र दाबायचं.

भाच्याला ती अडगळ वाटते. अरे, पण ते प्रोग्रॅम वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले होते आणि त्यातला कुठलाही मी काढून टाकू शकत होतो! युडोरा आवडेना? पेगासस मेल आणा. समोरच्याला त्याचा पत्ताही लागत नसे, कारण पत्रं पोचवायचे नियम कुणा एका कंपनीच्या मालकीचे नव्हते. आज मला गप्पांचं अ‍ॅप बदलायचं तर आत्यापासून चुलतभावापर्यंत सगळं खानदान हलवावं लागेल.

तुम्ही म्हणाल, तेव्हा नाकी नऊ यायचे ते विसरलास का? नाही विसरलो. सर्व्हरच्या नावात एक टिंब राहिलं म्हणून अख्खा रविवार गेलेला आठवतोय. सोय हवीच. पण सोयीची किंमत कोण ठरवतो? ब्राउझर म्हणाले, सगळं आम्हीच करू. लोकांनी फायलींचा वेगळा प्रोग्रॅम काढून टाकला. मग २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी बंद केलं. कारणं रास्त असतील, पण विचारलं कुणाला?

आता खरं कारण सांगतो. बाबा युडोरातून अमेरिकेतल्या ताईला पत्रं लिहायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी. युडोरा ती पत्रं साध्या टेक्स्ट फायलीत ठेवायचा. कॉम्प्युटर मोडीत काढताना तो फोल्डर मी सीडीवर उतरवून घेतला होता. बाबा गेल्यावर तो नोटपॅडमध्ये उघडला. प्रत्येक पत्र जागेवर. अगदी "aamba yanda kami aahe" सुद्धा.

पुढे त्याच दोघांनी चार वर्षं एका मेसेंजरवर गप्पा मारल्या, सगळ्या सोयी एकाच खिडकीत असलेल्या. तो मेसेंजर बंद पडला आणि गप्पाही गेल्या. एक ओळ उरली नाही.

असो. भाच्याला एवढंच सांगेन, सगळं एका अ‍ॅपमध्ये खुशाल कर बाबा. पण आईची पत्रं तेवढी साध्या फायलीत उतरवून ठेव. आजच.