विकत घेतलेल्या शर्यतीची मालकी

'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. अमेरिकेचा अवघा नकाशा आखडून या खेळात बसवलेला होता. अटलांटिकच्या किनाऱ्यावरून निघालेला खेळाडू तासाभराच्या आत पॅसिफिकचा किनारा गाठत असे. एकट्याने खेळायचे म्हटले तरी इंटरनेटची जोडणी अनिवार्य होती. साहजिकच सर्व्हर थांबताच, पूर्ण किंमत मोजून हा खेळ घेणाऱ्यांच्या घरातील डिस्क ही निव्वळ प्लॅस्टिकची चकती होऊन बसली. पुढे ग्राहकांच्या खात्यांतील परवानेही कंपनीने रद्द केले. काही ग्राहक कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेले, तेव्हा कंपनीने युक्तिवाद केला तो असा की, ग्राहकाने खेळ विकत घेतलाच नव्हता. त्याने केवळ वापराचा परवाना घेतला होता.

पोरासोरांच्या खेळाला या पानावर जागा कशाला, असे कोणी विचारील. परंतु हा खेळ आता खाऊच्या पैशांतला राहिलेला नाही. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तो ४९ हजार ९९० रुपयांना, आणि त्यावरील प्रमुख खेळांची किंमत होती प्रत्येकी ४ हजार ९९९ रुपये. कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरात एवढी रक्कम एका वस्तूवर खर्च होते, तेव्हा आपण नेमके काय घेतले हे जाणण्याचा त्या घराला अधिकार आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार किमतीच्या मोबदल्यात मालकीचे हस्तांतरण म्हणजे विक्री. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात वर्ष संपताच आपली क्रमिक पुस्तके निम्म्या किमतीत विकणाऱ्या विद्यार्थ्याला हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. पुस्तक त्याचे आहे, म्हणून तो ते विकतो, धाकट्या भावाला देतो किंवा माळ्यावर टाकतो. प्रकाशक त्याच्या घरी येऊन पाने कोरी करून जात नाही.

शर्यतीच्या खेळांवर ही आपत्ती इतरांपेक्षा अधिक ओढवते, याला कारण आहे. या खेळांतील मोटारी खऱ्या कंपन्यांच्या असतात, पार्श्वभूमीला वाजणारी गाणी खऱ्या गायकांची असतात आणि या साऱ्यांचे हक्क मुदतीच्या कराराने घेतलेले असतात. या हक्कांचा व्यापार किती कडवा आहे पाहा. पोर्श मोटारींचे खेळांपुरते एकाधिकार २००० पासून २०१६ पर्यंत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या एकाच कंपनीकडे होते. त्यामुळे 'ग्रान टुरिस्मो'सारख्या नामांकित मालिकेलाही त्या काळात पोर्शऐवजी, पोर्शच्याच सांगाड्यावर गाड्या घडवणाऱ्या रूफ या छोट्या जर्मन कारखान्याच्या मोटारींवर भागवावे लागले. करार संपला की खेळ दुकानातून उठतो. मायक्रोसॉफ्टचा 'फोर्झा होरायझन ३' २०२० मध्ये विक्रीतून गेला, 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये गेला. तरी ज्यांनी ते आधीच घेतले होते त्यांच्याकडे ते राहिले, हे मायक्रोसॉफ्टच्या बाजूने नमूद केले पाहिजे. याउलट निन्टेन्डोचा 'सुपर मारिओ कार्ट' १९९२ चा. पात्रे आणि गाड्या कंपनीच्या स्वतःच्याच, आणि त्याचे कार्ट्रिज जुन्या यंत्रात घातले की आजही सुरू होते. १९९७ च्या पहिल्या 'ग्रान टुरिस्मो'च्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. त्यात खऱ्याच मोटारी होत्या, पण डिस्क शाबूत असेल तर तीही चालते. तेव्हा करार संपतो म्हणून ग्राहकाचा खेळही संपलाच पाहिजे, हे म्हणणे टिकणारे नाही. नव्या प्रती विकण्याचा हक्क संपणे ही एक गोष्ट आणि विकलेली प्रत निकामी करणे ही सर्वस्वी दुसरी.

मग असे का होते? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे रोनाल्ड कोस यांचा १९७२ चा टिकाऊ वस्तूंवरील निबंध आठवावा. (कोस यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते वेगळ्या कामासाठी, हा निबंध त्या मानाने लहानसा आहे.) टिकाऊ वस्तूच्या मक्तेदाराला अखेर स्वतःच्याच मालाशी स्पर्धा करावी लागते. काल विकलेली वस्तू आज ग्राहकाची गरज भागवीत असेल, तर तो नवी घेईल कशाला? यातून सुटण्याच्या वाटा कोस यांनी दाखवल्या आहेत : वस्तू विकण्याऐवजी भाड्याने द्यावी, अथवा तिचा टिकाऊपणाच कमी करावा. शर्यतीच्या खेळाला हे तंतोतंत लागू पडते. तोच रस्ता, तेच वळण. नव्या आवृत्तीत गाडीच्या पत्र्याची चकाकी काय ती वाढलेली. 'द क्रू' मालिकेचा तिसरा भाग सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिला भाग विक्रीतून काढला गेला. कंपनीचा हेतू यातून सिद्ध होतो असे नाही. तिने सर्व्हर आणि परवाने ही कारणे दिली आहेत. परंतु हितसंबंध कोणत्या दिशेला आहेत हे दिसण्यासाठी हेतू सिद्ध करण्याची गरज नसते.

आपल्याकडे कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केले. येथे उलटी प्रक्रिया चालू आहे : मालक म्हणून दुकानात शिरलेला माणूस कूळ होऊन बाहेर पडतो, आणि त्याच्या हाती भाडेपट्ट्याची मुदत लिहिलेला कागदही नसतो. मार्च २०२२ मध्ये 'ग्रान टुरिस्मो ७'चे सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद पडले, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यालाही खेळाचा बहुतेक भाग बंद झाला. त्याच सुधारणेत अनेक शर्यती जिंकल्यावर मिळणारी खेळातली रक्कम घटवण्यात आली होती. ती खेळातली रक्कम खऱ्या पैशाने विकत मिण्याची सोय मात्र कायम होती. मजुरी कमी करून सावकारी चालू ठेवण्याचाच हा प्रकार. ग्राहक खवळले, निर्माते काझुनोरी यामाउची यांनी क्षमा मागितली आणि बक्षिसे पुढे वाढवण्यात आली. घेतलेल्या वस्तूचे मोल घेतल्यानंतर विक्रेता बदलू शकतो, ही गोष्ट मात्र जागच्या जागी राहिली.

कंपन्यांचा एक मुद्दा रास्त आहे. सर्व्हरला वीज लागते, माणसे लागतात. मूठभर खेळाडूंसाठी ते कायम चालवा, असे कोणी सांगू नये. पण मागणी तशी नाहीच. सेवा बंद करताना इंटरनेटविना खेळता येईल अशी शेवटची सोय करून द्या, एवढीच ती आहे. 'द क्रू'वरून युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेला जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. ही सोय अशक्य नाही, हे स्वतः युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये पुढच्या दोन भागांसाठी ती जाहीर करून दाखवून दिले. कॅलिफोर्नियाने तर शब्दालाच हात घातला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे अमलात आलेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्यावाचून 'खरेदी' हा शब्द विक्रेत्याला वापरता येत नाही.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि त्याखालील केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवणुकीच्या तेरा क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली आहे. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत सरकवणे असे प्रकार तीत आहेत. भाड्याच्या वस्तूवर 'विकत घ्या' अशी पाटी लावणे तीत नाही. ते चौदावे कलम म्हणून घालावे, आणि परवाना किती वर्षांचा हे किमतीच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची सक्ती करावी. पाच हजार रुपये दहा वर्षांसाठी द्यायचे की तीन वर्षांसाठी, हा हिशेब मग ज्याचा तो करील.