तीन दिवसांचा बॅकलॉग

साडेतीन वर्षांचे आमचे चिरंजीव पॉटी ट्रेनिंगमधून 'पास आउट' होऊन आठ महिने झाले होते. डायपरचा खर्च वाचला म्हणून आम्ही पिझ्झा पार्टीसुद्धा केली होती. मग दिवाळीला आम्ही गेलो माझ्या सासरी, अल्लीपूरला. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्धा, पुढे एसटी. चिवडा, अनारसे, आजीचे लाड... सगळं झ्याक! तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, साहेबांनी पॉटी केलेलीच नाही.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये कमोड, त्यावर पिवळ्या बदकाचं सीट. इथे परसात देशी संडास, दिवस मावळला की काळोख. 'मी आत पडेन' म्हणत तो दारातूनच पळायचा. त्यात चड्ड्याही ओल्या व्हायला लागल्या. एकदा तर पाहुण्यांनी भरलेल्या ओसरीत! मी सगळ्यांदेखत ओरडले, 'एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत?'

त्यानंतर तो दिसेचना. सापडला मागच्या खोलीत, वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगामागे. पाय आवळून, लालबुंद होऊन उभा. मी ज्याला हट्ट समजत होते, ती भीती होती. आणि आता तिच्यात माझीही भर पडली होती.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "काहून रागावतं त्याले? आधी त्याचं पोट पाय ना!"

पुण्याला परतल्यावर आमच्या मुलांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मूल शी दाबून धरतं, ती कडक होते, दुखते, म्हणून ते अजून दाबतं. साचलेली शी मूत्राशयावर दाब देते आणि चड्डी ओली होते. कधी कडक शीच्या बाजूने पातळ शी झिरपते, आपल्याला वाटतं जुलाब लागले! म्हणजे बॅकलॉग क्लिअर केल्याशिवाय नवं काम होणारच नाही.

सासूबाईंनी क्लिअर केला तो असा. भरपूर पाणी, पपई, वरणभातावर तूप. जेवणानंतर परसात उन्हात जुना पेपर अंथरून त्याला उकिडवं बसवलं, शेजारी स्वतः गोष्ट सांगत बसल्या. पोट भरलं की आतडी हलतात, म्हणून ही वेळ उत्तम. आग्रह नाही, बक्षीस नाही. दुसऱ्या दिवशी काम फत्ते! मग तोच पेपर रोज थोडा थोडा संडासाकडे सरकला. निघायच्या दिवशी तो आजोबांना टॉर्च घेऊन दाराशी उभं करून आत बसला.

पुण्यात नंतरही दोन-तीन आठवडे अपघात झाले. गाव, नवी शाळा, घरात नवं बाळ, काहीही निमित्त पुरतं. आता कमोडपुढे पाय टेकायला छोटं स्टूल आहे, शाळेच्या दप्तरात जादा चड्डी. रात्री गादी ओली होणं पाच वर्षांपर्यंत तर नॉर्मलच. मात्र लघवीला जळजळ, ताप, शीतून रक्त, सारखी तहान असं काही दिसलं, किंवा सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा रोज ओलं करू लागलं, तर डॉक्टर गाठायचेच.

आणि हो, मी त्याला 'सॉरी' म्हटलं. त्यावर साहेब म्हणाले, "आई, तू पण घाबरली होतीस का?"

हो रे राजा. पाहुण्यांना!