चिमण्यांशी तह

मुलांनो, ज्याला कधी राग येत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पट्टी मागून न्यायची आणि परत द्यायचीच नाही, कबड्डीत आउट झालं तरी ‘नाही झालो’ म्हणून हटून बसायचं, धाकट्यानं वहीवर पाणी सांडायचं आणि बोलणी मात्र थोरल्यानं खायची! भांडणाची कारणं ही एवढी-एवढीशी असतात. राग मात्र एवढासा नसतो. तो आला की कान गरम होतात, छाती धडधडते, मुठी आपोआप आवळल्या जातात. हे काही आपण ठरवून करत नाही. शरीराला वाटतं, आता एक तर लढायचंय नाही तर पळायचंय. मग ते ॲड्रिनॅलिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतं, हृदय जोरात चालू लागतं, श्वास भरभर होतो. उसातून बिबट्या समोर आला तर ही सगळी तयारी कामाचीच आहे. पण आपल्यासमोर असतो शेजारच्या बाकावरचा मित्र, आणि कारण असतं खोडरबर!

‘राग आला की दहा आकडे मोज’ असं आजी सांगते ना, त्यात तथ्य आहे बरं का. शरीरातली ही धावपळ ओसरायला थोडा वेळ लागतो, तो आकडे मोजताना मिळतो. त्यातही श्वास सावकाश सोडला, म्हणजे घ्यायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडला, तर हृदयाचे ठोके मंद होतात. हाताची नाडी धरून करून पाहा, कळेल.

पण आकडे मोजून होणार दहा. पुढे काय? समोरचा तर तिथंच असतो आणि तेच करत असतो! त्यासाठी तुम्हाला आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातली एक खरी गोष्ट सांगते.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या मोठ्या नेत्यांना इंग्रज सरकारनं पकडलं. त्यांतल्या काही जणांना रेल्वेनं अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आणून या किल्ल्यात ठेवलं. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बारा जण होते. सुटका कधी, ठाऊक नाही. पहिले काही आठवडे तर वर्तमानपत्रसुद्धा मिळत नव्हतं. पंडितजींचा स्वभाव तापट होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी काय केलं? कुदळ-फावडं घेतलं आणि खडकाळ अंगणात बाग करायला घेतली. खणताना जुन्या इमारतींच्या भिंती लागायच्या. पुढे १९४४ साली याच किल्ल्यात त्यांनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. पण आजची गोष्ट त्यांची नाही.

ती आहे मौलाना अबुल कलाम आझादांची. तेव्हा ते काँग्रेसचे अध्यक्ष होते, पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. ते पहाटे अंधारात उठायचे, स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि एका मित्राला पत्र लिहायला बसायचे. ही पत्रं तुरुंगातून पाठवता येत नव्हती, तरी लिहायचे! सुटकेनंतर, १९४६ साली, ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं उर्दूत छापली गेली. गुबार म्हणजे धूळ आणि खातिर म्हणजे मन.

मौलानांच्या खोलीचं छत जुनं होतं. तिथं चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर चिवचिवाट, आणि वरून काड्या, गवत, कचरा खाली पडायचा. लिहिणाऱ्या माणसाला याचा किती त्रास होईल! मौलाना चिडले. आधी छत्री उगारली, मग लांब बांबू आणला. सरळ युद्धच पुकारलं. चिमण्या भुर्रकन उडून जायच्या, मौलाना विजयी होऊन खुर्चीत बसायचे, की पुन्हा चिव चिव! शेवटी घरट्याजवळ बांबू उभाच करून ठेवला, म्हणजे भिऊन येणार नाहीत. तर एक चिमणी त्या बांबूवरच येऊन बसली. शत्रूनं हत्याराची शिडी केली!

मौलानांनी मग तह केला. कचरा पडायचा तो पडो, असं म्हणून त्यांनी तसा बंदोबस्त केला आणि जमिनीवर तांदळाचे दाणे टाकले. चिमण्या लांबून बघत राहिल्या. कालपर्यंत बांबू घेऊन मागं लागणारा माणूस आज दाणे टाकतोय, कोण विश्वास ठेवील? तेव्हा मौलाना दगडाच्या पुतळ्यासारखे बसून राहायचे. बोटसुद्धा हलवायचे नाहीत. हळूहळू एक धीट चिमणा पुढे आला, मग बाकीचे आले. दाण्यांची जागा रोज थोडी जवळ सरकत गेली आणि एक दिवस चिमण्या त्यांच्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावंही ठेवली होती. एकाचं नाव कलंदर, एकीचं मोती.

मला यातलं सगळ्यात अवघड काय वाटतं सांगू? दाणे टाकणं सोपं आहे. आपण दाणे टाकले तरी समोरचा लगेच येत नाही, तेवढा वेळ न हलता बसणं अवघड. ‘मी सॉरी म्हटलं तरी ती बोलत नाही’ म्हणून वर्गात पुन्हा भांडण होतं, ते इथंच.

त्याच वर्षी मौलानांवर मोठं दुःख कोसळलं. कलकत्त्याला त्यांच्या पत्नी, झुलेखा बेगम, फार आजारी पडल्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर पोचवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं सुचवलं. मौलानांनी नकार दिला. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या, शेवटची भेट झालीच नाही. त्या दिवसांत वर्तमानपत्र घेऊन अधिकारी यायचा, तेव्हा झडप घालून ते वाचावं असं त्यांना वाटायचं. पण ते हसून, खुणेनंच ‘टेबलावर ठेवा’ सांगायचे आणि लिहीत राहायचे. बघणाऱ्याला वाटे, किती शांत! मौलानांनी मात्र पत्रात कबूल केलंय की तो देखावा होता, आपली घालमेल कुणाला दिसू नये म्हणून केलेला.

हे मी मुद्दाम आई-बाबांसाठी सांगितलं. गप्प बसलेलं मूल शांत झालेलंच असतं असं नाही. पुष्कळदा ते फक्त घाबरलेलं असतं. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी केली. घरात मात्र ‘शांत बस!’ हे अजूनही एवढ्या मोठ्यानं सांगितलं जातं की शेजारचं मूलसुद्धा दचकतं. त्यापेक्षा मूल चिडलंय तोवर पाणी द्यावं, पाठीवर हात ठेवावा, आणि काय झालं ते रात्री जेवण झाल्यावर विचारावं. तेव्हा खरं कारण कळतं. बहुतेक वेळा ते खोडरबर नसतंच.

आणि घरातलं मोठं माणूस चिडलं तर? ज्ञानेश्वरांनी आपल्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, हे तुम्हाला पाठ आहे. तेच ज्ञानेश्वर एकदा लोकांच्या बोलण्यानं दुखावून झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून बसले, अशी परंपरेतली कथा आहे. त्यांना बाहेर काढलं ते चारही भावंडांत धाकट्या मुक्ताईनं. ‘ताटीचे अभंग’ म्हणतात ते हेच. घरी आजी-आजोबांना म्हणायला सांगा.

आता या आठवड्याचं काम. अंगणात किंवा गच्चीवर वाटीत पाणी आणि थोडे तांदूळ ठेवा, आणि चार हातांवर बसा. चिमणी येईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. घड्याळ ताईकडे नाही तर आजोबांकडे द्या, तुम्ही बघायचं नाही. किती मिनिटं बसलात ते रोज वहीच्या मागच्या पानावर लिहा. साळुंकी आली तरी चालेल. कावळा आला तर मात्र तांदळाची आशा सोडा!