सर्पगंधेची साक्ष

उच्च रक्तदाबाचे रुग्ण या देशात किती आहेत, याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. तो आकडा सुमारे ३१ कोटी ५० लाख आहे. गोळी जन्मभर घ्यावयाची, दुखत तर काहीच नाही, आणि शेजारच्या दुकानातील बाटलीवर 'पूर्णतः नैसर्गिक' असे ठळक अक्षरांत छापलेले! अशा स्थितीत यांपैकी अनेकांस वनौषधींचा मोह न झाला तरच नवल. या मोहाबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. त्या बाटलीत जे आहे त्याची परीक्षा कोणी केली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या बाबतीत सर्पगंधेइतका अधिकारी साक्षीदार दुसरा नाही. ही मुळी उन्मादावर व निद्रानाशावर आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात होती. ती रक्तदाबावरही चालते, हे कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली नोंदविले. तथापि जगाचे डोळे उघडले ते १९४९ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली तेव्हा. डॉ. वकील यांनी मुळीचे स्तोत्र गाइले नाही. त्यांनी दाब मोजला, औषध दिले, पुन्हा मोजला आणि जे आढळले ते लिहिले. पुढे १९५२ साली बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. भारतीय वनौषधीचा याहून मोठा गौरव क्वचितच झाला असेल. आणि तो परीक्षेला सामोरे गेल्यामुळे झाला, हे विसरता कामा नये.

परंतु कथा येथे संपत नाही. रेसर्पिन हजारो रुग्णांस दिले जाऊ लागले, तसे काहींची मने खिन्न होऊ लागल्याचे, क्वचित आत्महत्येपर्यंत मजल गेल्याचे वृत्त १९५०च्या दशकातच येऊ लागले. डॉक्टरांनी मात्रा कमी केली; आज ती दिवसाला पाव मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. पुढे १९७४ साली 'लॅन्सेट'ने या औषधाचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असावा असे सुचविणारे तीन निबंध एकदम छापले आणि एकच खळबळ उडाली. नंतरच्या पाहण्यांत तो आरोप टिकला नाही. म्हणजे ज्या परीक्षेने या मुळीवर संशय घेतला, तिनेच तिला त्या संशयातून सोडविलेही. परीक्षेलाच जे सामोरे जात नाही त्याच्यावरील संशय फिटावा तरी कसा?

यावर ठरीव उत्तर असे की, शतकानुशतके वापरात असलेल्या औषधाला निराळा पुरावा कशाला? हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हे. जे घेताच माणूस तडफडतो ते पिढ्यांच्या अनुभवाने टाकले जाते, हे खरे. परंतु दंडाला पट्टी बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे यंत्र १८९६ सालचे आहे. तत्पूर्वी जो दाब मोजताच येत नव्हता, त्याच्याविषयी प्राचीन ग्रंथ साक्ष देणार कोठून? आणि आठ महिन्यांनी आलेल्या खिन्नतेचा संबंध सकाळच्या चूर्णाशी कोणती आजी जोडणार होती? खोकल्यावर घरोघर दिले जाणारे ज्येष्ठमधच पाहा. ते सतत व भरपूर घेतले तर शरीरातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब उलट चढतो. जे आठवडाभर निरुपद्रवी, ते वर्षभर निरुपद्रवी असेलच असे नाही. चरकसंहितेनेही न ओळखलेल्या औषधास विषाच्याच पंक्तीस बसविले आहे.

आमचा एक जुना सहकारी, आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हाचा, डॉक्टरांच्या गोळीबरोबर असेच एक चूर्ण घेत असे. ते त्याने डॉक्टरांपासून लपविले, कारण ते रागावतील ही भीती. एके दिवशी तो फळ्यासमोरच कोसळला; नाडी विलक्षण मंद झाली होती. त्या चूर्णात काय होते हे शेवटपर्यंत कळले नाही. तो वाचला, पण पुन्हा वर्गात उभा राहिला नाही. हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्यांना सर्पगंधेची जोड मिळाली तर ठोके व दाब दोन्ही फाजील उतरू शकतात, हे आम्ही पुढे वाचले.

कायद्याची स्थिती पाहू. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने रक्तदाब बरा करण्याची जाहिरात निषिद्ध ठरविली आहे. म्हणून 'बरा करतो' ऐवजी 'संतुलित राखतो' असे लिहून वेळ मारून नेली जाते. उलट २०१० साली आलेल्या १५८-ब या नियमाने ग्रंथोक्त औषधांस सुरक्षिततेच्या अभ्यासातून मोकळे ठेवले आहे. ही सवलत रोज, वर्षानुवर्षे घ्यावयाच्या रक्तदाबाच्या औषधांपुरती तरी काढून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या द्रव्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावी लागते, ते एका मुळीत किती आणि दुसरीत किती हे जमिनीवर व ऋतूवर अवलंबून असते. तेव्हा प्रत्येक घाणीतील प्रमाण तपासून ते वेष्टनावर छापण्याची सक्ती झाली पाहिजे. लहान कारखानदारांस हा खर्च झेपणार नाही असे म्हटले जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषद सरकारी पैशानेच चालते. प्रचलित चूर्णांची व अन्य गोळ्यांशी होणाऱ्या त्यांच्या संयोगाची परीक्षा तिने अग्रक्रमाने हाती घ्यावी.

दिल्लीतून नियम बदलून येईपर्यंत करता येईल असे एक काम येथेच आहे. महापालिकेच्या रुग्णालयांतील केसपेपरवर 'काढा, चूर्ण अथवा अन्य औषध घेता काय?' असा एक रकाना छापावा, आणि डॉक्टरांनी न रागावता तो भरून घ्यावा. त्यास कायदा लागत नाही की निविदा लागत नाहीत. नवे केसपेपर छापावयास जातील तेव्हा एक ओळ वाढवावी लागेल, इतकेच.